भरल्या घागरीची पारख

लातूर जिल्हा नवा नवा झाला त्या सालची गोष्ट. पत्रावर ‘जिल्हा उस्मानाबाद’ लिहून मग ते खोडायची सवय अजून गावाची गेली नव्हती, आणि पावसानं तर त्या साली तोंडच दाखवलं नव्हतं. उदगीरकडच्या एका गावात केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या, वाखाचे दोर वळणारा केरबा राहायचा. चौथी शिकलेला. आठवडाभर दोर वळायचा आणि रविवारी पत्र्याच्या देवळात ख्रिस्ती पोरांचा वर्ग घ्यायचा. वर्ग कसला, अर्धा वेळ गोष्टीच. पण एका बाबतीत माणूस भलता कडक. प्रभूच्या नावानं केलेलं काम कच्चं राहिलेलं त्याला खपायचं नाही. दोराच्या आत सडका वाख लपवणाऱ्याशी तो बोलायचासुद्धा नाही.

कापणीच्या सणाला दरसाल घरोघरची ज्वारी, भोपळे, एखादी कोंबडी देवळातल्या मेजावर यायची. यंदा रानात काडी नव्हती.

“काका, आमी काय ठिवायचं मेजावर?” पोरांनी विचारलं.

केरबानं रस्त्याकडं बोट केलं. टँकर फाट्यावर यायचा. तिथून मैलभर बायका भरल्या घागरी डोक्यावर आणायच्या. सगळ्यांत मागं म्हातारी गुरम्माअव्वा, वाण्याच्या घरची. सगळ्यांच्याच डोक्यावरच्या, घागरीखालच्या चुंबळी चेपून भाकरीसारख्या झालेल्या.

“चुंबळी वळू,” तो म्हणाला. “मेजावर ठिवून प्रभूला देऊ, आन् तिथूनच बायांच्या डोक्यावर.”

बारा पोरांनी बारा चुंबळी केल्या. दहा वर्षांच्या रिबकाची सगळ्यांत देखणी. तांड्यावरच्या लमाणी बायकांचं बघून तिनं कवड्या लावल्या, आरशाचे तुकडे लावले, खाली गोंडे सोडले. फडक्यात गुंडाळून ती घेऊन फिरायची.

सणाला दोन दिवस राहिले तेव्हा केरबानं घरची भरली घागर देवळासमोर आणली. “एकेक चुंबळ डोक्यावर घेतो, वळणावरच्या लिंबापर्यंत जाऊन येतो. घागर हलली की नापास.”

गडीमाणूस डोक्यावर घागर घेऊन निघालेला बघून चांदपाशा शिंपी मशीन थांबवून ओट्यावर आला. “केरबाभाई, पदर बी घ्या की डोक्यावरनं.”

सात पास झाल्या, चार नापास. शेवटी रिबकाची. तीन पावलं गेला आणि कवड्या टाळूत रुतल्या. मान आखडली, घागर कलली, सगळं पाणी भुईवर.

कुणी हसलं नाही. केरबाची बायको उमादेवी दारातून बघत होती.

“कुनी आनलं व्हतं ते पानी?”

“तू.”

“वाळू भरून बघायला काय झालं व्हतं तुमाला?”

देवळाचे पंच पंढरीतात्या मध्ये पडले. “लेकरं हायेत रे. देव मन बघतो. ठिव जा तशीच.”

“देव मन बघतो तात्या, पर घागर गुरम्माअव्वाच्या मानंवर बसते.” केरबा रिबकासमोर उकिडवा बसला. पोरीचे डोळे भरले होते. “नमुना लई चांगला हाय तुजा. पर तू ही मेजासाठी केलीस. आता डोक्यासाठी कर. चुकलो तर म्या बी हाय. दोघं मिळून निस्तरू.”

रिबकानं एकेक कवडी उसवली. आतला मऊ कापूस काढला. केरबानं वाख दिला, पीळ घट्ट कसा धरायचा ते तीनदा उकलून तीनदा दाखवलं. चौथ्यांदा पोरीनं आपणच उकललं.

“सैल हाय,” म्हणाली.

केरबा तोंड फिरवून हसला.

दुसऱ्या दिवशी तीच चुंबळ घेऊन तो उमादेवीची घागर भरायला फाट्यावर गेला. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. येताना मागं रिबका, नजर घागरीच्या काठावर. मैलभर.

घरी आल्यावर उमादेवीनं घागरीत बोट घालून बघितलं. “सांडलं न्हाई.” एवढंच.

“आता बाकीच्या,” केरबा म्हणाला. नापास झालेल्या चारही पुन्हा वळून झाल्या होत्या. दिवस मावळेपर्यंत पोरांच्या घरच्या घागरींखाली बाराच्या बारा चुंबळी फाट्यावर जाऊन आल्या.

रविवारी उदगीरहून पाळकसाहेब आले. मेजावरची एकही चुंबळ कोरी नव्हती. डाग पडलेल्या, ओलसर. ते हळूच म्हणाले, “केरबा, प्रभूला नवं देतात.”

“नव्याच हायेत साहेब. पारखून आनल्या.”

उपासना अर्ध्यात आली आणि फाट्यावर टँकरचा हॉर्न वाजला. दाराबाहेर बायका घागरी घेऊन उभ्याच होत्या. पाळकसाहेबांनी एकदा मेजाकडं, एकदा दाराकडं बघितलं आणि प्रार्थना आवरती घेतली. आमेन होताच केरबा म्हणाला, “रिबका, तुज्या हातानं दे.”

गुरम्माअव्वानं चुंबळ अंगठ्यानं दाबून बघितली. “कुनी वळली गं?”

“मी.”

“घट्ट हाय,” म्हणून म्हातारी ती डोक्यावर ठेवून चालू लागली.

गीत झालं, लोक पांगले. रिबका देवळाच्या पायरीवरून उठेना. केरबाही तिच्याशेजारी टेकला. बऱ्याच वेळानं गुरम्माअव्वा लिंबाच्या वळणावर दिसली. डोक्यावर भरली घागर, आणि दोन्ही हात मोकळे सोडलेले.