नलूमामीचा वाळुंज

नलूमामी गेल्याचा फोन माघातल्या एका सकाळी आला. बोलत होते दत्तूमामा, तिचे धाकटे दीर. निरोप दोन वाक्यांत संपला. मग ते म्हणाले, "वाळुंज तोडायचा हाय रं अजून यंदा…" आमच्या घरात या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मामीचे माहेर वडखळपासून आत, खाडीच्या अंगाला. माणसे मिठागरावर जाणारी आणि अंगणातली जमीन खारी. तुळससुद्धा बाहेरून आणलेल्या मातीत, पत्र्याच्या डब्यात. लग्न होऊन ती रोह्याला आली तेव्हा मामा नुकतेच कंपनीत शिफ्टला जाऊ लागले होते. घरामागे मोरीच्या पाण्याने कायम ओली राहणारी एक चिंचोळी पट्टी होती. तिथे अळू लावावे, असे सासूचे मत. मामीने निडीला, सासरच्या शेताशेजारच्या ओढ्यावर, वाळुंजाची झाडे पाहिली होती. वारा आला की त्यांची पाने उलटतात आणि खालची रुपेरी बाजू चमकते. तिने तिथल्या फांद्या आणून परसात खोचल्या. "वढ्याचं झाड दारात कोण लावतं गो?" सासूने विचारले. "जिच्या दारात कधी काय उगवलं नाय, ती लावते," मामी म्हणाली. "अळू पण लावते, तुमच्यासाठी." तिने दोन्ही लावले. वाळुंज पुरुषभर उंचीचा झाला, थंडीत त्याला पिवळसर तुरे आले, मधमाश्या आल्या. मागच्या गल्लीतून जाणारे लोक थांबून नाव विचारू लागले.

मग एका वर्षी शिमग्याला ती माहेरी गेली. दत्तूमामा निडीला भातशेती करत. पेरणीआधी रोपांची जमीन पालापाचोळा पसरून भाजायची, त्याला राब म्हणतात. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या नजरेला प्रत्येक झाड राबच दिसते. दत्तूमामा रोह्याला आले, परसात माजलेला वाळुंज पाहिला, वहिनीचे काम हलके करावे म्हणून तो बुंध्यापर्यंत तोडला आणि मोळ्या बांधून घेऊन गेले. मामी परतली तेव्हा ओळीने नुसते खुंट उभे होते. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, बादली उचलली आणि तशीच निडी गाठली. पुढचा प्रसंग मी दोघांकडूनही ऐकला आहे. दोघांच्या सांगण्यात शब्द तेच असत.

"भावजी, माझी झाडं कुठं हायत?"

"कुठली झाडं, वयनी? पाला व्हता तो."

राब अजून पेटला नव्हता. मामीने ढीग उपसून हिरव्या राहिलेल्या फांद्या वेचल्या, ओढ्याच्या पाण्याने भरलेल्या बादलीत उभ्या केल्या. दत्तूमामा ती बादली मांडीवर धरून पॅसेंजरने रोह्यापर्यंत आले. डब्यात कुणीतरी मासळीचा भाव विचारला. मामी हसली नाही.

बादलीतल्या फांद्यांना मुळे फुटली, पण त्याआधी खुंटच फुटले. सरळ, लवचीक, तांबूस पालवीचे कोंब, पहिल्यापेक्षा कितीतरी दाट. मामी रोज मोरीचे पाणी तिकडे वळवत होती आणि पाहत होती. दत्तूमामा बिचकत पुन्हा आले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पुढच्या शिमग्याला या. पण मी असताना." स्वतःच्या नुकसानीतून इतके शांतपणे शिकणारी माणसे मी फार पाहिली नाहीत. त्यानंतर दर फाल्गुनात ते कोयता घेऊन येत. मामी शेजारी उभी राहून कुठल्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटायच्या जागेवर, तोडायचे ते बोटाने दाखवी. कोयता टेकवून ते थांबत. ती "हां" म्हणाली की मगच घाव. पाला राबाला जाई, चांगल्या फांद्या मोरीजवळच्या बादलीत. त्या मागेल त्याला मिळत. एक मात्र ती दर वर्षी माहेरी नेई. तिचा भाऊ दर वर्षी सांगे, "ताय, खाऱ्या जमिनीत हे नाय जगायचं." ती म्हणे, "यंदा पाऊस बरा झालाय." फांदी मरे. पुढच्या वर्षी दुसरी जाई.

यंदा शिमग्यानंतर मी रोह्याला गेलो तेव्हा दत्तूमामा आलेले होते. पहिल्या फांदीला त्यांनी कोयता टेकवला आणि ते थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी घाव घातला. पुढच्या फांदीला पुन्हा थांबले. सगळी छाटणी त्यांनी तशीच केली, थांबत थांबत. मग बादली भरून फांद्या उभ्या केल्या.

मामीचा भाऊही त्या दिवशी खाडीवरून आला होता. निघताना त्याने न विचारता बादलीतली एक फांदी काढली.

"जगंल काय तिकडं?" दत्तूमामांनी विचारले.

"नाय जगायचं," तो म्हणाला, आणि रुमाल ओला करून फांदीच्या तोडलेल्या टोकाला नीट गुंडाळू लागला.