भुताचा भाव मीच पाडला

ज्याला माल घ्यायचा नसतो तो गप्प निघून जातो. खोड काढतो तो गिऱ्हाईक. पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर मी नऊ वर्षं हातगाडीवर मोबाइलची कव्हरं विकली, तिथे हे डोक्यात पक्कं बसलं. "पातळ आहे", "आठवड्यात रंग उडेल", "मागच्या गल्लीत निम्म्यात मिळतं" असं म्हणणारा हटकून घ्यायचा. "छान आहे हो" म्हणून हसणारा पुन्हा दिसायचा नाही.

त्या गाडीच्या जोरावर नवीन पनवेलला व्हिडिओ गेमच्या डिस्कचं दुकान टाकलं, पण सवय तीच राहिली. काहीही घ्यायचं म्हटलं की मी आधी त्याला नावं ठेवतो. स्वतःच्या लग्नाचा हॉल ठरवतानासुद्धा मी मालकाला म्हणालो होतो, की तुमच्या पंख्यांपुढे सनई ऐकू येणार नाही. हॉल स्वस्तात मिळाला आणि सनई खरोखरच ऐकू आली नाही.

दुकानात मात्र एक गोष्ट मी पाळली. भावावर माझ्याशी वाट्टेल तेवढं भांडा, पण खेळ कसा आहे असं विचारलंत तर मी खरं सांगतो. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, तेव्हा अर्धं शटर ओढून मी प्रत्येक खेळ स्वतः खेळून बघतो. टुकार असेल तर माझ्याच काउंटरवरून सांगतो, घेऊ नका. म्हणून तर कामोठ्याची माणसं तिथली चकचकीत दुकानं सोडून माझ्याकडे येत.

त्यात सुकापूरच्या एक मॅडम होत्या. घरी गणिताच्या शिकवण्या घेत, वय पन्नाशीचं, डाव्या गुडघ्याला पट्टा. त्यांना फक्त भुताचे खेळ लागत. "दिवसभर दहावीच्या मुलांचे पेपर तपासते, मग भूत म्हणजे विश्रांती," असं म्हणायच्या. सहा वर्षं त्यांनी माझ्या शब्दाखेरीज एकही डिस्क घेतली नव्हती.

एका भुताच्या खेळाचा पहिला भाग त्यांनी आणि मी, दोघांनीही आपापल्या घरी तीनदा संपवला होता. त्याचा दुसरा भाग यायचा होता. डिस्क इथे पोचण्याआधीच परदेशातल्या समीक्षकांनी निकाल लावून टाकला. दहापैकी साडेपाच. तो अर्धा गुण कशाचा, ते देव जाणे. आमटी फसली तरी मीठ बरं पडलं म्हणून दिल्यासारखा. एक म्हणाला खेळ फार संथ, दुसरा म्हणाला फार घाईचा. तिसऱ्याला तो पहिल्यासारखाच आहे म्हणून राग, चौथ्याला पहिल्यासारखा नाही म्हणून. दुसऱ्या सुनेची आमटी कोणी चाखत नाही, थोरलीच्या आमटीशी ताडून बघतात, त्यातलाच प्रकार.

मला समीक्षकांचा राग यायला हवा होता. आला नाही. कारण मला वाशीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून पंचवीस डिस्क उचलायच्या होत्या आणि ही सगळी नावं मला आयती मिळाली होती. मी फोन उचलला आणि शेठला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. खेळ अजून पाहिलेलाही नव्हता, जे बोललो ते सगळं त्या समीक्षणांतूनच उचललेलं.

"शेठ, हे कसलं भूत? तीन तास झाले तरी येत नाही. आमचा लाइनमन त्याच्या आधी येतो. त्यात नायिका पन्नाशीची. गुडघे धरून चालते. ही भुतापासून पळणार की दवाखान्यात नंबर लावणार? आणि तो ओल्या पायांचा आवाज! कोणीतरी परातीत पोहे कालवतंय असं वाटतं. हे मी कोणाच्या गळ्यात मारू?"

शेठचं उत्तर लगेच आलं. "बस कर भाई, रडवशील मला. ने तुझ्या भावात."

मी खूश. पण शेठही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. भाव पडल्याची जळजळ त्याने दुकानदारांच्या ग्रुपवर काढली. माझा मेसेज पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, "ऐका, पनवेलचे लोक माल कसा पाडतात." तिथून तो कामोठ्याच्या एका समीक्षकाकडे गेला. समीक्षक म्हणजे गेमवर व्हिडिओ करणारा एक गृहस्थ. पाठीमागे जांभळा दिवा, समोर हा भला मोठा माइक, आणि प्रत्येक व्हिडिओच्या चित्रात दंतवैद्याला दाखवल्यासारखा उघडलेला जबडा. त्याने माझी चारही मिनिटं जशीच्या तशी वाजवली. "मित्रांनो, खुद्द दुकानदारच असं म्हणतोय!" एवढी एकच भर त्याची स्वतःची. खेळ त्यानेही पाहिलेला नसावा, कारण तोवर पनवेलच्या पट्ट्यात डिस्क आल्या होत्या त्या फक्त माझ्याकडे.

त्याच आठवड्यात तीन दुपारी मी तो खेळ खेळलो.

आमचं घर उरणकडच्या मिठागरावरचं. लहानपणी पहाटे बापाच्या मागे मी अनवाणी चालायचो. मिठागराच्या चिखलातून पाय उपसताना एक आवाज होतो. आधी चिखल पाय धरून ठेवतो, मग नाइलाजाने सोडतो. त्या खेळात बुडालेल्या गावात बहिणीला शोधणाऱ्या बाईच्या मागे तोच आवाज येत होता. भूत दिसत नव्हतं, नुसतं चालत होतं. तिसऱ्या दुपारी मी उठून शटर पूर्ण वर केलं आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभा राहिलो. एवढा चांगला भुताचा खेळ माझ्या दुकानात कधी आला नव्हता. आणि जगातल्या एकाही शहाण्याने त्या आवाजाबद्दल चांगला शब्द लिहिला नव्हता. मी तर त्याला पोहे म्हणालो होतो.

त्यानंतर जो येईल तो विचारू लागला, "दादा, तो पोह्यांचा गेम आलाय का?" मी सांगायचो, की खेळ एक नंबर आहे. ते हसायचे. एकाने माझ्यासमोर फोन धरून मलाच मी ऐकवला. मी त्याला बाहेर काढलं. दुसऱ्याने लिंबू आहे का विचारलं. त्यालाही काढलं.

घरी बायको म्हणाली, "तुमीच बोललाव ना, चांगला नाय म्हणून? मंग आता का तापताव?"

"तो सौदा होता!"

"भुताला काय ठाव, सौदा हाय का खरा हाय ते?"

आठवड्याने मॅडम आल्या. मी त्यांच्यासाठी एक डिस्क बाजूला ठेवली होती.

"कसा आहे?" त्यांनी नेहमीसारखंच विचारलं.

"मॅडम, पहिल्यापेक्षा चांगला. डोळे झाकून घ्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दादा, एक सांगा. खरं कोणाशी बोललात? वाशीच्या शेठशी, की माझ्याशी?"

"अहो, ते भाव पाडायला बोललो."

"म्हणजे फायदा असला की तुम्ही काहीही बोलता. मग आत्ताही फायदा आहेच ना तुमचा?"

माझा आवाज चढला. "मॅडम, सहा वर्षांत एकदा तरी फसवलंय का तुम्हाला? त्या जांभळ्या दिव्यावर विश्वास आहे, आणि माझ्यावर नाही? घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या!"

"बरोबर आहे तुमचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि पन्नाशीच्या बायांच्या गुडघ्यांबद्दलचं तुमचं मतही ऐकलं. छान होतं."

त्या हसल्या आणि पायरी उतरून गेल्या. एकही खोड काढली नाही. चोवीस डिस्क पडून राहिल्या तरी मी झोपलो असतो, पण त्या "छान"ने मला दोन दिवस झोप लागू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी मी आयुष्यात न केलेलं काम केलं. डिस्क घेऊन स्वतः सुकापूरला गेलो. दारात चपलांचा ढीग, आत वर्गसमीकरणं चाललेली. मॅडम दाराशी आल्या. मी डिस्क पुढे केली.

"भाव नाही सांगत. खेळा. नाही पटला तर परत आणा."

"आणि पटला तर?"

"ते तेव्हा बघू."

त्यांनी डिस्क घेतली आणि दार लावलं. परतीच्या रिक्षावाल्याशी मी घासाघीससुद्धा केली नाही.

मॅडम आठ दिवस फिरकल्या नाहीत. नवव्या दिवशी संध्याकाळी आल्या, हातात चौकटीच्या वहीचा कागद. तो काउंटरवर पसरला आणि पेपर तपासल्यासारखं लाल पेनाचं टोक एकेका ओळीवर ठेवत गेल्या.

"पहिले तीन तास काही घडत नाही. नकाशा वाचता येत नाही. किल्ली एक, कुलपं चार, हे कुठलं गणित? बहिणीचं शेवटी काय झालं ते धड सांगितलेलं नाही. आणि तो पायांचा आवाज. आठ दिवस झाले, मला फरशी ओली ठेवता येत नाही. कामवाली येते, पुसते, मी मागून कोरड्या फडक्याने पुसते. नायिकेचं म्हणाल तर डावा गुडघा दुखत असताना कोणी डावाच पाय आधी टाकून जिना चढत नाही. बनवणाऱ्यांनी विचारायचं होतं कोणाला तरी."

माझं डोकं तापलं. समीक्षक परवडले. "मॅडम, नकाशा मुद्दाम तसा केलाय! गाव बुडालंय, तिथे काय पाट्या असणार? आणि बहिणीचं म्हणाल तर..."

मी मध्येच थांबलो. कागद काउंटरवर होता, पण डिस्क काउंटरवर नव्हती. ती त्यांच्या पर्समध्येच होती, आणि पर्सची चेन लावलेली होती.

"अकरा दोष आहेत," मॅडम पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "निम्म्याच्या वर एक रुपया देणार नाही."

"निम्म्यात? मॅडम, निम्म्यात तर खोकासुद्धा येत नाही."

"पोह्यांचा भाव तुम्हीच पाडलाय, दादा."

मी स्टूल पुढे ओढून त्यांना बसायला दिलं आणि समोरून दोन चहा सांगितले. हे लवकर मिटणार नव्हतं.