मुकी पेटी

आमच्या नावाजलेल्या भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्डवाला पाहुणा मीच बोलावला, आणि तोही पार्टीचा पेटीवाला मी स्वतः असताना.

परवा वसमतच्या बाजारात लाईट गेली, कुणीतरी जनरेटर सुरू केला आणि डिझेलच्या वासानं मला पंचवीस-तीस वर्षं मागे, कुरुंद्याच्या त्या मंडपात नेऊन बसवलं. नांदेडहून आलेल्या त्या कीबोर्डवाल्या पोरानं पहिलाच सूर धरला आणि माझी जुनी, उतरलेल्या सुरांची पेटी त्याच्याशी भांडायलाच लागली. आमच्या गायिका कमलताई मागं वळून हळूच म्हणाल्या, "दादा, तुमी नुसतं बसा."

पण समोर अख्खं गाव! मग मी पेटीची हवा बंद केली आणि भाता हलवत, मुक्या पट्ट्यांवर बोटं नाचवत राहिलो. उद्यापासून आपल्याला कोण बोलावणार, ही धास्ती होती. मनात एकच घोकणं चाललं होतं, लाईट जाऊ दे.

आणि लाईट खरंच गेली! कीबोर्ड गप्प झाला. मी घाईघाईनं हवा सोडली, एक ओळ जीव तोडून वाजवली, तोच मंडपामागं जनरेटर धडधडला.

तेव्हा त्या पोराचा गळा धरावासा वाटला होता. आता वाटतं, ताईंचा आवाज इतका मोकळा माझ्या पेटीवर कधीच लागला नव्हता.

घरी जाताना बायको, जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कौतुकानं म्हणाली, "आज पयल्यांदाच बराबर वाजवली बघा पेटी तुमी. फकस्त लाईट गेल्यावर काहून बिघडली?"