दोन पिवळे टॅब

शाळेत टाइमटेबल बनवायचं काम गेली एकवीस वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे घरच्या कामांच्याही याद्या होतात, त्याला इलाज नाही. आधी वह्या होत्या. मग मुलीने माझ्या लॅपटॉपवर एक टेक्स्ट एडिटर घालून दिला. तिच्या ऑफिसात त्यात प्रोग्राम लिहितात, मी किराणा लिहिते. प्रत्येक यादीची एक फाइल, प्रत्येक फाइलचा वर एक टॅब. टॅबवर क्लिक केलं की यादी समोर.

टॅब जसे मिळाले तसे मी ठेवले नाहीत. पहिल्याच आठवड्यात दोन याद्या चुकून बंद झाल्या, म्हणून टॅबवरची फुली काढून टाकली. औषधांची यादी रोज लागते, ती डावीकडे पिन केली. मग रंग दिले. शाळा निळी, औषधं लाल, किराणा हिरवा, आमंत्रणं पिवळी. मुलीच्या लग्नाची तयारी सुरू झाली तेव्हा टॅब अठरा झाले आणि एका ओळीत मावेनात. दोन फाइलींचं नाव सारखं असलं की हा एडिटर नावापुढे फोल्डरचं नावही दाखवतो, त्याने टॅब लांब होतात. मी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. अठराच्या अठरा टॅब एका ओळीत बसले. ह्यांना बोलावून दाखवलंसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं तेव्हाची ‘आमंत्रण’ नावाची फाइल तयारच होती. तिची कॉपी नव्या फोल्डरमध्ये केली, नावांपुढच्या खुणा पुसल्या आणि जुनीही उघडी ठेवली, पत्ते पडताळायला. दोघींचं नाव तेच, रंग तोच.

आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका चिंतामण गणपतीला जाते आणि दुसरी आत्याबाईंना. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या आत्या, घरात सगळ्यांत मोठ्या, गावातच, देवास गेटजवळ राहतात. मी शाळेतून पाचला यायचे, तेव्हा माझी मुलगी सहा वर्षं दुपारी त्यांच्याकडे जेवली आणि तिथेच झोपली. त्यांचा नियम सगळ्या नात्यात माहीत आहे. बोलावणं उशिरा आलं तर त्या येत नाहीत. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेल्या नव्हत्या. मुलीने मला एकच गोष्ट सांगून ठेवली होती, “आई, बाकी काहीही विसर, पण आजी मांडवात हवी.”

पत्रिका छापून यायला उशीर झाला. गणपतीकडे आम्ही दोघं जाऊन आलो आणि ठरवलं, आत्याबाईंना ज्याला आधी जमेल त्याने अक्षत द्यावी, साडी घेऊन दोघं नंतर जाऊ. चार दिवसांनी मी पिवळा टॅब उघडला. आत्याबाईंच्या नावापुढे खूण होती. म्हटलं, हे बँकेतून येताना देऊन आले आणि खूणही करून ठेवली असणार. ह्यांनी रात्री जेवताना विचारलं, “आत्याचं झालं ना?” मी म्हटलं, “झालं, यादीत आहे.” ह्यांना वाटलं मी गेले.

लग्नाला अकरा दिवस उरले असताना टावर चौकात, साडीच्या दुकानात, आत्याबाईंची सून भेटली. ती माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला तयार.

“काय वहिनी, लग्न गुपचूप आहे का? आमच्या सासूबाई म्हणत होत्या, कार्डं संपली असतील बिचारीची.”

मी तशीच निघाले. घरी येऊन लॅपटॉप उघडला. पिवळे टॅब दोन. मी बघितला तो मुलाच्या लग्नाचा. नव्या यादीत आत्याबाईंचं नाव दुसऱ्या नंबरवर, पुढे कोरं.

हे म्हणाले, “सांगू की, तब्येत बरी नव्हती तुझी.”

“एवढ्या दिवसांत बाकी सव्वाशे घरं केली ना आपण. आजारी माणूस करतो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेलो. साडी, अक्षत, पत्रिका आणि लॅपटॉप. आत्याबाई मटार सोलत बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी हात वर केला नाही.

“या. पत्ता सापडला का?”

मी जे झालं ते सांगितलं. टॅब म्हणजे काय, तेही.

“म्हणजे तुझं मशीन मला विसरलं.”

“मशीन नाही, मी. दोन्ही टॅब वेगळे दिसले असते, मीच सारखे करून ठेवले.”

“दाखव.”

मी लॅपटॉप पाटावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि जुनी यादी बोटाने वर-खाली करायला लावली. ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “और तू? तुला नाही कळलं तू आलास की नाही आलास?”

हे म्हणाले, “आत्या, हिच्या यादीत होतं ना.”

“वाह रे लाटसाहेब.” मग मला म्हणाल्या, “माझंच नाव चुकलं, की अजून कुणाचं?”

ते मी बघितलंच नव्हतं. आधी सेटिंग पूर्ववत केलं. टॅबवर फोल्डरची नावं आली, ‘मुलाचं’ आणि ‘मुलीचं’. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून मी एकेक नाव वाचत गेले आणि आत्याबाई सांगत गेल्या. “हे वारले, आता मुलाच्या नावाने द्या.” “ही इंदूरला गेली.” मटार सोलायचं काम ह्यांच्याकडे गेलं. तासाभरात कळलं की जुनी खूण बघून मी अजून तीन घरं सोडली होती. तिन्ही माधव नगरची, तिन्ही मानपानाची.

“ते तर आता येणारच नाहीत,” मी म्हटलं.

“तू एकटी गेलीस तर नाही येणार.” त्यांनी सुनेला हाक मारली, “अगं, माझी बाहेरची चप्पल दे.” मी साडी पुढे केली. ती घेतली, बाजूला ठेवली. “नंतर बघते. रंग काही खास नाही.”

त्या गाडीत पुढे बसल्या, अक्षतांचा डबा मांडीवर. मी मागे. पहिल्या घरी बेल मी वाजवली. दार उघडणाऱ्या काकूंचा चेहरा पडलेलाच होता. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, “उशीर झाला, माझ्यामुळे. माझे गुडघे. आमच्या घरी लग्न आहे, यायचं.”