मशीनचा रामराम

नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. आलेल्या पत्रांना उत्तरं टाइप करायची. उत्तरं ठरलेली असत: आपले पत्र मिळाले, आपल्या पत्राचा विचार चालू आहे, किंवा आपल्या पत्राचा विचार करता येत नाही. पत्र वाचायचीही गरज नसे. साहेब कोपऱ्यात खूण करून पाठवत, मी खूण बघून कागद चढवत असे. पुढे कारखाना बंद पडला, मी कम्प्युटरचा कोर्स केला आणि कॉलेज रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात लागले. तिथे कळलं की हेच काम आता मशीन करणार आणि मी मशीनला वाक्यं पुरवणार. बाकीच्यांना त्यात फार मोठं काहीतरी दिसत होतं. मला तर टेबल बदलल्यासारखं वाटलं.

कुणी एखाद्या कंपनीला ईमेल पाठवला की त्याला लगेच उलट मेल जाई: आपला मेल मिळाला, लवकरच संपर्क साधू. ते लिहिणारी मी. वेबसाइटवर चॅटची खिडकी उघडली की नमस्कार करून काय मदत हवी म्हणून विचारणारी गोड बाईही मीच. प्रत्यक्षात मी तुसडी आहे. घरी आलेल्या पाहुण्याला दोनदा चहा विचारायचा मला कंटाळा. पण लिहिताना मी फार अगत्यशील होते, आणि मालक त्यावर खूश असत.

मग मोबाईल सगळ्यांच्या खिशात आले आणि मालकांनी शेतकऱ्यांसाठी बाजारभावाची सेवा काढली. आपल्या मालाचं नाव एका नंबरवर मेसेज करायचं, मशीन ताबडतोब त्या दिवसाचा भाव कळवणार. टोमॅटो, कांदा, मेथी, झेंडू, गुलाब. अट एकच, मेसेजमधला पहिला शब्द मालाचं नाव हवा, कारण मशीन पहिलाच शब्द वाचायचं.

सेवा सुरू झाली आणि निम्म्याहून जास्त लोकांना उत्तर जाऊ लागलं की आपला मेसेज चुकीचा आहे. आम्ही बघितलं तर सगळ्यांच्या मेसेजची सुरुवात 'राम राम' अशी. रोमन अक्षरांत, 'राम राम साहेब, झेंडूचा काय भाव हाय'. आमच्याकडचे बरेच शेतकरी स्वतः मेसेज टाइप करत नसत. रिचार्जच्या दुकानात जाऊन तोंडी सांगत, दुकानदार तो लिहून मोबाईलमध्ये साठवून देई, आणि मग शेतकरी तोच मेसेज रोज पाठवत. तोंडी सांगायचं म्हटल्यावर रामराम आलाच. आल्या आल्या भाव विचारणारा म्हणजे कामापुरता मामा, त्याला कोण खरं सांगणार? येवल्याकडच्या एका म्हाताऱ्यांनी तर ऑफिसात फोन केला. आमचं काय चुकलं, साहेब रागावले का, असं ते फार अजिजीने विचारत होते.

मालकांचं म्हणणं, लोकांना शिकवा. पत्रकं छापा, पहिला शब्द मालाचा म्हणून. मी म्हटलं, पत्रकं छापून लोक रामराम सोडतील असं वाटत असेल तर छापा. त्यापेक्षा मशीनला शिकवणं सोपं होतं. रामराम आला की आधी रामराम म्हणायचं, मग पुढच्या शब्दांत माल शोधायचा आणि भाव सांगायचा. जय भीम आला तर जय भीम. मालेगावकडून सलाम यायचा, त्याला सलाम. ज्याने जे म्हटलं तेच त्याला परत. सेवा चालली. जवळच एकलहऱ्याच्या केंद्रात वीज तयार होते आणि आमच्याकडे भारनियमन, त्यामुळे कधीकधी सकाळचे रामराम संध्याकाळी जात, पण जात.

हे मी घरी आईला सांगितलं. आईला एवढ्यासाठी सांगितलं की ती विचारायची. आमचं घर शहराबाहेर मखमलाबादच्या बाजूला, घरामागे थोडी जमीन, तीत वडील झेंडू आणि पालेभाजी लावत. वडिलांना मी नाना म्हणे. म्हणजे आईशी बोलताना म्हणे, प्रत्यक्ष हाक मारायची वेळ क्वचित आली. मी मोठी झाल्यापासून नाना माझ्याशी थेट बोलत नसत आणि मीही त्यांच्याशी. भांडण वगैरे काही नाही. पद्धतच तशी पडली. मी समोर बसलेली असताना ते आईला म्हणत, तिला सांग छत्री ने म्हणावं. आई म्हणायची, ऐकलंस ना, छत्री ने. मी आईला म्हणायची, त्यांना सांग नेते. लग्न मोडून मी परत आले तेव्हासुद्धा, राहू दे तिला इथंच, हे त्यांनी मला आईकडूनच कळवलं.

आईच्या तोंडात तीळ भिजत नसे. आपल्या पोरीने मशीनला रामराम शिकवला ही बातमी तिने त्याच दिवशी नानांना आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगितली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आई गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेली. मला रडू आलं नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या, एकीने तर रड गं, मोकळी हो, असं म्हणून पाठीवर थापटलंही. मी चहाचे कप मोजत होते. कामावर कळवायचं म्हणून ईमेलला सुट्टीचं उत्तर लावून ठेवलं होतं. ज्यांनी ज्यांनी आईबद्दल दुःख कळवलं त्या सगळ्यांना माझ्याकडून उत्तर गेलं, आपला मेल मिळाला, कामावर रुजू झाल्यावर संपर्क करेन. हे मला नंतर दिसलं. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. आतून सगळं बधिर होतं, दाढ काढल्यावर गाल असतो तसं.

घरात आता आम्ही दोघं आणि मध्ये कुणी नाही. मी स्वयंपाक करून ताट वाढून ठेवी, नाना जेवून ताट घासून ठेवत. सांगायचं असेल ते ते भिंतीकडे बघून बोलत. पाणी आलंय. दूधवाला उद्या नाही. मी ऐकलं हे त्यांना कळावं म्हणून भांडं जरा जोरात ठेवायचे. महिने असेच गेले. कुणी विचारलं तर मी सांगायचे, बरं चाललंय.

आईचा मोबाईल फडताळात पडून होता. मीच तिला घेऊन दिलेला, मला मिस कॉल देण्यापलीकडे तिने त्याचं काही केलं नव्हतं. एके दिवशी तो नानांच्या खिशात दिसला. ते रिचार्जच्या दुकानातून भावाचा मेसेज साठवून घेऊन आले होते. त्यानंतर त्यांचा एक क्रम ठरला. पहाटे फुलं मोपेडवर बांधून बाजारात न्यायची, विकून परत यायचं, रिकाम्या टोपल्या भिंतीला लावायच्या, ओट्यावर बसायचं आणि मेसेज पाठवायचा. मी आत पोळ्या लाटत असे. मोबाईल वाजला की नाना तो लांब धरून, ओठ हलवत वाचत. मग खिशात टाकून हातपाय धुवायला जात.

माल विकून आल्यावर भाव विचारायचा, हे मला कळत नव्हतं. वाटलं, व्यापाऱ्याने फसवलं का ते पडताळून बघत असतील. म्हाताऱ्या माणसांना संशय फार. विचारावं असं काही वाटलं नाही, आणि कुणामार्फत विचारणार?

पुढच्या उन्हाळ्यात मालकांना एक जाहिरात मिळाली. बियाणं विकणाऱ्या एका दुकानाला भावाच्या प्रत्येक मेसेजमध्ये आपलं नाव हवं होतं. एका मेसेजमध्ये मावतात किती अक्षरं! भाव काढता येत नाही, जाहिरात काढता येत नाही. मालक म्हणाले, मग रामराम काढा. लोकांनी म्हणावं हवं तर, आपण कशाला म्हणायचं. मी काढला. लिहायला मला आठवडा लागला होता, काढायला चहा निवायच्या आत झालं. उठून मी दुसऱ्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ओट्यावर बसले, मेसेज पाठवला, मोबाईल वाजला. ते वाचत होते. मोबाईल खिशात टाकला नाही. पुन्हा मोबाईल वाजला, म्हणजे त्यांनी पुन्हा पाठवला होता. थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघत होते, भिंतीकडे नाही.

"आज नुसताच भाव आला," ते म्हणाले.

मी सांगितलं, एक जाहिरात घातली आहे, जागा उरत नाही, म्हणून सुरुवातीचं काढलं. पोळी उलटली. भाव तर बरोबर आला ना, असंही विचारलं.

"भाव मला ठाऊक असतो. मी इकूनच येतो ना. तुझी आई सांगायची, ते तू लिव्हलंय म्हणून. घरात तू बोलत नाय, मी बी बोलत नाय. तेवढा एक रामराम यायचा तुझा."

ते हातपाय धुवायला गेले. माझी पोळी करपली. मी ती तशीच काढून ठेवली आणि दुसरी टाकली. रोज सकाळी मी त्यांच्यापासून दहा पावलांवर असायचे आणि त्यांना माझा रामराम कॉलेज रोडवरून यायचा. हे मला कळलं. पण कळून पुढे काय करायचं असतं, ते मला येत नव्हतं.

बसमध्ये मी विचार करत राहिले की मालकांना काय सांगावं. मग लक्षात आलं, मालकांशी याचा काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी नाना बाजारातून आले, तेव्हा मी ओट्यावर जाऊन उभी राहिले. काय म्हणायचं ते रात्रभर ठरत नव्हतं. बापाला कुणी रामराम घालत नाही, तो बाहेरच्यांना घालायचा. माझ्याजवळ हजारो लोकांना पाठवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही चालेना. त्यांनी टोपल्या भिंतीला लावल्या आणि हात खिशाकडे नेला. तेव्हा, ते बाजारातून आले की आई विचारायची तेच मी विचारलं.

"नाना, झेंडू काय भाव गेला?"

त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. मग खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि ओट्यावर बसले.

"राम राम," ते म्हणाले. "बरा गेला."