कोर्टाच्या पायरीवर फोडलेला नारळ

आमच्या तात्यांना, म्हणजे वडलांना, सरकारचा कायदा ठाऊक नव्हता. गावकीचा मात्र तोंडपाठ. चुकला त्यानं बिरोबाच्या देवळापुढं उभं राहून कबूल व्हायचं. कबूल झाला की दंड निम्मा. दंड भरला की नारळ फोडायचा आणि ज्याचं वाकडं केलं त्यानं पहिलं खोबरं खायचं. खोबरं खाल्लं की विषय मिटला. पुढं कुणी तो उकरून काढला तर दंड त्यालाच. शेळगावाकडं आमची मेंढरं होती तेव्हापासूनची ही रीत. मेंढरं कमी होऊन शेती आली, रीत काही गेली नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, लोकांचे ट्रॅक्टर चालवायचा. हात असा साफ, की अवघड बांधावरून ट्रॉली काढायची असली की लोक त्यालाच हाक मारायचे. त्याला कुठंतरी परमनंट ड्रायव्हर व्हायचं होतं, घरात दुसरं बोलणं नव्हतं. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मित्राच्या लग्नात गडी भरदुपारी पिला आणि तसाच मोटारसायकलवर बसला. हायवेला पोलिसांनी धरला, सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त काढलं. कुणाला उडवलं नाही ही बिरोबाची कृपा. मला असा संताप आला होता की मी त्याला ताट वाढणंच सोडलं. आईला म्हटलं, तूच वाढ तुझ्या लाडक्याला.

इंदापूरच्या कोर्टात केस उभी राहिली. वकील म्हणाला, "एवढ्यात कबूल होऊ नका. कबूल झालं की शिक्षा नावावर लागते, उद्या ड्रायव्हरची नोकरी अडेल. तारीख घेऊ, बघू." तात्यांना वाटलं, ह्याला आपल्या फीची पडलीय. ते दादाला म्हणाले, "पिला हाईस ना? मग पिलो म्हनायचं. लबाडी कशाला?"

दादानं जजसाहेबांपुढं सांगितलं, "व्हय, पिलो हुतो." दोन हजारांपर्यंत दंड होतो, तुरुंगही होतो, असं वकिलानं सांगून ठेवलं होतं. साहेबांनी हजार रुपयांवर सोडलं. हजार म्हणजे काय चेष्टा नव्हती, दोन मेंढ्या विकाव्या लागल्या. पण तात्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. "बघ, निम्मा झाला का न्हाय?" मला म्हणाले. त्यांना वाटलं, कोर्टातबी आपलीच रीत चालते.

पैसे भरून झाल्यावर तात्यांनी पिशवीतनं नारळ काढला आणि कोर्टाच्या पायरीवर फोडला. मी शरमेनं दुसरीकडं बघायला लागले. दादाला धरणारा हवालदार तिथंच उभा होता. तात्यांनी पहिला तुकडा त्याच्यापुढं धरला. "हे काय आता, बाबा?" म्हणत, हसत हसत त्यानं खाल्लं. एसटीत बसल्यावर तात्या म्हणाले, "पोलिसानं खोबरं खाल्लं. मिटलं." त्यानंतर दादानं दारूला हात लावला नाही, आणि मीही त्याला ताट वाढायला लागले.

पुढच्या वर्षी बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्याला कामगारांच्या बससाठी ड्रायव्हर पाहिजे होता. दादानं साहेबांना बस चालवून दाखवली. साहेब खूश. उतरताना सहज विचारलं, "पोलिसांचं कधी काही लफडं?" दादानं सरळ सांगितलं, "दारूचा दंड झालता. भरला. मिटलं ते." लपवायचं त्याच्या मनातच आलं नाही. मिटलेली गोष्ट कशाला लपवायची?

साहेबांचा चेहरा पडला. तात्या आणि मी गेटवर थांबलो होतो. दादानं बाहेर येऊन सांगितलं, साहेब नको म्हणाले, तसे तात्या तडक आत गेले, मी मागोमाग. "सायेब, दंड भरलाय. पोलिसानं सोता खोबरं खाल्लंय. आता तुमी उकरून काढताय, आमच्याकडं असता तर तुमालाच दंड बसला असता."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं तात्यांना खुर्ची दिली. म्हणाला, "बाबा, दंड भरला तो झाल्या गोष्टीचा. मला उद्याची बस द्यायचीय, चाळीस माणसं बसतात तीत. शिक्षा झालेल्याच्या हातात कशी देऊ?"

तात्या खुर्चीवरून उठले आणि टोपी सारखी करून बाहेर पडले. साहेबाचं म्हणणं मलाही पटलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्याच रविवारी तात्यांनी देवळापुढं गावकी बसवली. स्वतःच मधे उभे राहिले, सव्वा अकरा रुपये आणि नारळ पुढं ठेवला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तात्या, तक्रार कुनाची हाय?"

"कुनाची न्हाय. पोराला कबूल हो म्हनून मी सांगितलं. वकील नको म्हनत हुता. पोराची नोकरी माझ्यापायी गेली."

तात्यांनी स्वतःच नारळ फोडला आणि पहिला तुकडा दादापुढं धरला.

दादा म्हणाला, "तात्या, पिलो मी हुतो."

"खा," तात्या म्हणाले.

दादानं तुकडा घेऊन तोंडात टाकला. चावायला त्याला लई वेळ लागला, आणि तो गिळेपर्यंत तात्या तसेच हात पुढं करून उभे होते.