शून्य गुणांचं ताक

सकाळी गॅलरीतल्या कढीपत्त्याला पुन्हा पोपटी कोंब दिसले आणि चहाचा कप हातात धरून मी नुसता बघत राहिलो. हा उपाय माझा नाही, हे आज सांगून टाकतो.

बागकामाच्या ऑनलाइन मंचावर ‘कढीपत्ता सुकतोय, काय करू?’ या प्रश्नाखाली सुमनताई म्हणून नव्या आलेल्या बाईंनी लिहिलं होतं, ‘मुळाशी आंबट ताक घाला.’ तिथे सदस्यांना वाचकांच्या पसंतीचे गुण मिळतात; त्यांच्या नावापुढे शून्य गुण, म्हणून उत्तर तळाशी. मी ते वाचलं, करून पाहिलं आणि महिन्याभराने स्वतःचं म्हणून लिहिलं. माझे गुण पाच आकडी. तेच ताक, तेच शब्द, पण तासाभरात सगळ्यात वर! वाक्याला वजन कुठून येतं, देव जाणे.

खाली सुमनताईंनी लिहिलं, ‘अगंबाई दादा, तुमच्याकडेही ताकच घालतात? आईला सांगते, खूश होईल!’

त्यात मी टोमणा शोधला. नव्हता. इतका निर्मळ आनंद असू शकतो, या विचाराने मी अजून थक्क आहे.

आत्ताच मंचावर लिहिलं, ‘ताक सुमनताईंचं, चोरी माझी.’

ही कबुलीही माझ्या गुणांच्या जोरावर सगळ्यात वर जाऊन बसली. त्यांचं उत्तर अजून तळाशीच आहे.